कर्ज रुपयांचे, वसुली जमिनीची

२१ मे १८५३ रोजी हैदराबादच्या निजामाने एका तहाला मान्यता दिली आणि वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पट्टा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. लढाई झाली नव्हती, कोणी हरले नव्हते. निजाम नासिरुद्दौला याच्याकडे कंपनीचे चाळीस-पंचेचाळीस लाख रुपये थकले होते आणि त्या थकबाकीपोटी मुलूख लिहून द्यावा लागला. ज्याने हा तह सोसला तो दिवाण सिराज-उल-मुल्क पाच-सहा दिवसांतच वारला. त्याच्या जागी त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या आला, तो पहिला सालारजंग.

हे कर्ज कशाचे होते? हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) अशा छावण्यांत बसलेल्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेच्या पगाराचे. १८०० च्या तहात निजामाने युद्धाच्या वेळी फौज द्यायची, एवढेच कलम होते. पुढे शांततेच्या काळातही ती फौज कायम ठेवली गेली. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाचा. खर्च भागला नाही की कंपनी तो भागवी आणि निजामाच्या खात्यावर नावे टाकी. खाते कंपनीने लिहायचे, व्याज कंपनीने लावायचे, हिशेबही तिनेच सांगायचा. निजामाच्या दरबाराने अनेकदा हिशेबावर हरकत घेतली. उपयोग झाला नाही.

१८५७ मध्ये निजामाने इंग्रजांची बाजू धरली. त्याचे बक्षीस म्हणून १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज सोडून दिले आणि नळदुर्ग व रायचूर परत केले. वऱ्हाड मात्र परत आला नाही. कर्ज संपले, तारण धनकोकडेच राहिले. १९०२ मध्ये कर्झनने तोच वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतला. मराठवाड्यातल्या सावकारीचा इतिहास मी या तहापासून वाचतो. पुढची शंभर-दीडशे वर्षे नांदेड-लातूरच्या कुणब्याच्या बाबतीत जे घडले, ते आधी त्याच्या राजाच्या बाबतीत घडून गेले होते. घेणे रुपयांत असे आणि फेड जमिनीत होई.

निजामाचे सरकार या टोकाला आले ते खासगी पेढ्यांच्या हातून. पेशकार चंदूलाल कारभार पाहत होता तेव्हा वसुली मक्त्याने दिली जाई. सरकारला आगाऊ रोकड लागे, ती सावकार देत आणि त्यापोटी तालुक्यांचा महसूल स्वतःकडे लावून घेत. यात सगळ्यांत मोठी पेढी विल्यम पामर आणि कंपनी. ब्रिटिश सेनानी आणि मोगल बेगम यांचा हा मुलगा हैदराबादेत सावकार झाला. इंग्रजी कायद्याने युरोपीय माणसाला देशी संस्थानिकाला कर्ज द्यायला मनाई होती, पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलने या पेढीला खास परवानगी दिली. व्याज शेकडा २५ पर्यंत जाई. १८२० मध्ये ६० लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफने ते तपासले तेव्हा त्यातला बराच भाग जुन्या थकबाकीचाच निघाला, ती नव्या खात्यावर ओढलेली होती. मुद्दलात व्याज मिळवून पुन्हा नवा कागद करायची ही रीत खेड्यातल्या सावकाराला कोणी शिकवावी लागली नाही, पण ती राज्याच्या पातळीवर आधी चालत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पामरचे देणे फेडण्यासाठी निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणाऱ्या पेशकशीचा आपला कायमचा हक्क सोडला. त्याचे १ कोटी १६ लाखांवर रुपये कंपनीने दिले. १८२४ मध्ये पामरची पेढी बुडाली. हक्क गेला तो गेलाच.

पामरनंतर पेस्तनजी मेहेरजी ही पारशी पेढी आली. कापसाच्या व्यापारासाठी आलेले हे सावकार महसुलाचे मक्तेदार झाले आणि औरंगाबादेत त्यांच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया पडू लागला. चंदूलाल १८४३ मध्ये पायउतार झाला, तसे त्यांच्या हातचे तालुके काढून घेतले गेले आणि ही पेढीही बुडाली. धनको बळकट असला तर जमीन त्याची होते आणि दरबाराची मर्जी फिरली तर धनकोच उपाशी मरतो. पतपुरवठ्याला कायद्याचा आधार नसला की दोन्ही बाजूंची हीच गत होते.

आधार नव्हता म्हणून वसुली मनगटावर चालत होती. हैदराबादेत अरब जमादार फौजेतही होते आणि सावकारीतही. त्यांचे स्वतःचे तुरुंग होते, देणेकऱ्याला तिथे नेऊन बसवत. तालुकेच्या तालुके त्यांच्याकडे पगारापोटी आणि कर्जापोटी गहाण होते. खेड्यापाड्यांत रोहिले फिरत. छोटी रक्कम, जबर व्याज आणि मुदत भरली की दारात ठिय्या. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात रोहिल्याचा धाक टिकून होता, तो या ठिय्यामुळे.

सालारजंगाचे पहिले मोठे काम म्हणजे हे गहाण तालुके सोडवणे. त्याने प्रत्येकाचा हिशेब मागितला, तपासला, खरे देणे ठरवले, हप्ते बांधले, सावकारांकडून स्वतःच्या शब्दावर पैसा उभा केला आणि अरबांच्या हातचे तालुके एकेक करून सरकारात आणले. आजच्या भाषेत त्याला कर्जाची फेररचना म्हणतात. १८६५ च्या आसपास जिल्हाबंदी झाली आणि मक्तेदाराच्या जागी पगारी तालुकदार आला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि रयतवारी बंदोबस्त सुरू झाला. प्रत्येक गटाला नंबर पडला, कब्जेदाराचे नाव लागले, सारा रोखीत ठरला.

इथेच कुणब्याच्या गळ्यात फास पडला, असे माझे मत आहे. बंदोबस्ताचा हेतू चांगला होता आणि मक्तेदाराच्या जुलमापेक्षा तो शतपटीने बरा होता. पण जमीन विकता येते, गहाण टाकता येते आणि सारा रोखीनेच भरावा लागतो, या तीन गोष्टी एकत्र आल्या. पूर्वी सावकार पिकावर कर्ज देई. धान्याचा व्यवहार सवाई-दिढीचा, पेरणीला एक पोते न्यायचे आणि सुगीला सव्वा किंवा दीड आणून घालायचे. जमीन घेऊन तो काय करणार होता? कसायला माणूस हवा आणि हक्काचा भरवसा नाही. आता त्या जमिनीला सरकारी कागद मिळाला होता. कागदाला किंमत आली, तशी सावकाराची नजर पिकावरून बांधाकडे वळली.

शेजारच्या इंग्रजी मुलखात हे आधी घडले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाची खते जाळली. दंगे पुणे-नगर भागात पसरले. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्ज निवारणाचा कायदा आला. त्याने न्यायाधीशाला एक मोठा अधिकार दिला. सावकाराने पुढे केलेल्या खतावर न थांबता त्यामागचा सारा व्यवहार पहिल्यापासून उकरायचा, मुद्दल किती, व्याज किती, प्रत्यक्ष हातात काय पडले ते ठरवायचे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले.

हा कायदा लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून बार्शीच्या कुणब्याला तो मिळाला. लातूर निजामाच्या राज्यात, म्हणून लातूरच्या कुणब्याला मिळाला नाही. माती तीच, ज्वारी तीच, सोयरिकी एकमेकांत. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली आणि लातूरचा माल बार्शीमार्गे बाहेर जाऊ लागला. माल सीमा ओलांडून गेला, कायदा अलीकडे आला नाही. गोदावरीच्या बाजूला हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली आणि नांदेड, उमरी ही कापसाची ठाणी झाली. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आणि रेल्वे एकाच सुमाराला आली. एकाने शेतकऱ्याला कर्जात लोटले, दुसरीने त्याचा माल परक्या भावांशी बांधला.

लातूरच्या बाजारात त्या काळी दोन तऱ्हेची पत चाले. ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण आजचाही प्रश्न तिथेच आहे. गंजगोलाई १९१७ मध्ये उभी राहिली. मध्यभागी गोल इमारत आणि तिला मिळणारे सोळा रस्ते, हा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा आराखडा. या रस्त्यांवरच्या व्यापाऱ्याला दूरच्या पेठेतला व्यापारी हुंडीवर माल देत असे. दर्शनी हुंडी दाखवताच चुकती करायची आणि मुदती हुंडी ठरल्या दिवशी. मुदतीआधी पैसे हवे असतील तर बट्टा कापून दुसऱ्या पेढीला विकायची. इंग्रजी मुलखातल्या १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषेतल्या हुंडीचा रिवाज मोडला नाही. या साऱ्या व्यवहाराला तारण नव्हते. एकदा हुंडी परत गेली की त्या माणसाची बाजारातली पत संपली, हीच जरब होती.

शेतकऱ्याला हीच मंडळी उचल देत. त्याने आपला माल त्याच आडतीवर आणायचा. माल विकला की पट्टी बने. तीत आडत, हमाली, तोलाई, उचलीचे व्याज कापून उरलेले हातावर पडे. कधी काहीच उरत नसे आणि बाकी पुढच्या साली ओढली जाई. व्यापाऱ्याला शब्दावर महिनाभराची उधारी आणि शेतकऱ्याला जमिनीच्या कागदाशिवाय बी-बियाण्याचे पैसे नाहीत. माल दोघांच्या हातात एकच होता. व्यापाऱ्याच्या वहीत त्याचा स्वतःचा हिशेब असे. शेतकऱ्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत असे. दोघांच्या पतीतला सारा फरक मला यात दिसतो. फसली १३३९, म्हणजे १९३० च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने शेतमाल बाजाराचा कायदा केला, तो या आडतीला लगाम घालण्यासाठीच.

वाद कोर्टात गेला तर? कर्जरोखा मोडीत लिहिलेला. देणेकऱ्याला मोडी वाचता येत नाही, त्याचा अंगठा. कोर्टाचा कारभार १८८४ पासून उर्दूत, त्याआधी फारशीत. समन्स उर्दू, हुकूमनामा उर्दू. हदगाव किंवा औशाच्या माणसाला आपल्याविरुद्ध काय ठरले ते दुसऱ्याला विचारल्याशिवाय कळत नसे, आणि विचारायचे ते बहुधा पटवाऱ्याला किंवा वकिलाला, जो सावकाराच्याच ओट्यावर बसणारा. कायदा होता, कोर्ट होते, पण देणेकऱ्याच्या कानापर्यंत त्यातले काही पोचत नव्हते.

सरकारचे डोळे उघडले ते मंदीने. १९२९ नंतर कापसाचे आणि धान्याचे भाव कोसळले. कर्ज रुपयांत होते, ते कमी झाले नाही, ते फेडायला दुप्पट माल लागू लागला. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली. १९३७ मध्ये भरूचा यांचा शेतकी कर्जबाजारीपणावरचा अहवाल निघाला. त्यानंतर कायद्यांची रांग लागली: कर्ज तडजोडीचा, शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ न देण्याचा आणि फसली १३४९ चा, म्हणजे १९३९-४० चा सावकारी कायदा. सुप्याचे दंगे होऊन तोवर चौसष्ट वर्षे झाली होती. आणि जमीन हस्तांतरावर बंधन आले तेव्हा शेतकरीच असलेला सावकार, गावचा देशमुख किंवा पाटील, मोकळाच राहिला. बाहेरच्या सावकाराला दार बंद झाले आणि घरच्याला उघडे राहिले.

बँक आली ती याच सुमारास. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने स्थापन झाली. तिची एक शाखा उमरीला होती. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी ही शाखा ताब्यात घेतली आणि सुमारे वीस लाख रुपये लढ्यासाठी नेले. तो मुक्तिसंग्रामाचा अभिमानाचा अध्याय आहे. पतपुरवठ्याचा इतिहास पाहणाऱ्याच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न येतो: उमरीसारख्या लहान गावात एवढी रोकड कशी होती? जानेवारी म्हणजे कापसाच्या खरेदीचा हंगाम. बँकेतला पैसा कापसाच्या व्यापाराकडे जात होता. कापूस पिकवणारा मात्र त्याच गावात सावकाराच्या दारात उभा होता. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपाहणी केली. तीत शेतकऱ्याच्या कर्जापैकी व्यापारी बँकांचा वाटा शेकडा ०.९, सहकारी संस्थांचा ३.१ आणि शेतकरी आणि धंदेवाईक अशा दोन्ही प्रकारच्या सावकारांचा मिळून जवळजवळ ७० भरला.

पुढचे टप्पे वेगाने गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५९ मध्ये मुंबईचा १९४६ चा सावकारी कायदा इथे लागू झाला. त्यात एक जुने तत्त्व होते, दामदुप्पट: हुकूमनामा देताना व्याज मुद्दलाहून जास्त धरायचे नाही. २२ ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र सरकारने वटहुकूम काढून अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर यांची सावकारी कर्जे रद्द केली आणि गहाण वस्तू परत करायला लावल्या. मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ च्या जानेवारीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने कायदा टिकला. १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक निघाली.

तरी जमिनी जात राहिल्या, कारण सावकाराने कागद बदलला होता. गहाणखत केले तर सोडवण्याचा हक्क राहतो, दामदुप्पट लागते, परवाना विचारला जातो. म्हणून गहाणखत करायचेच नाही. सरळ खरेदीखत करायचे, निबंधकासमोर, साक्षीदारांसह. ‘पैसे दिलेस की जमीन परत फिरवून देतो’ हे वचन तोंडी. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली एक दुरुस्ती झाली होती: परत विकण्याची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. हेतू होता खोटे दावे थांबवण्याचा. झाले असे की वचन दस्ताबाहेर ठेवले की सावकार सुरक्षित. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हेही त्याच्याच बाजूचे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितले की दस्त नुसता दिखाऊ होता, हे सिद्ध करायला तोंडी पुरावा देता येतो. पण त्यासाठी दिवाणी दावा, वकील आणि वर्षे लागतात. ज्याची जमीन गेली त्याच्याजवळ यातले काय असते?

आणि कागद बदलला नसता तरी यंत्रणा हलत नव्हती. बुलढाणा जिल्ह्यात एका आमदाराच्या कुटुंबावर सावकारीची तक्रार झाली, तेव्हा २००६ मध्ये मुख्यमंत्री कार्यालयाने पोलिसांच्या कामात हस्तक्षेप केला. मुख्यमंत्री होते लातूरचे विलासराव देशमुख. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा खर्च बसवला. एका जिल्ह्याच्या मुख्यमंत्र्याने गरिबाचे कर्ज रद्द केले, शेजारच्या जिल्ह्याच्या मुख्यमंत्र्याच्या काळात तक्रारदाराची वाट अडवली गेली. मराठवाड्याच्या माणसाला या दोन्ही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत.

त्यानंतर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आला. त्याचे कलम १८ मला १८७९ च्या कायद्याचा खरा वारस वाटते. दस्तावर काहीही लिहिलेले असो, जमीन सावकारी व्यवहारात तारण म्हणून गेली होती असे जिल्हा निबंधकाला चौकशीत दिसले तर तो दस्त अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा हुकूम करू शकतो. दिवाणी दाव्याची गरज नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर द. सा. द. शे. ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. २०१५ मध्ये सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज स्वतः फेडण्याची योजना काढली, पण ती परवानाधारकांपुरती होती. ज्याच्या सावकाराजवळ परवानाच नव्हता, तो शेतकरी बाहेर राहिला.

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात ज्यांच्या घरची जमीन कर्जापोटी खरेदीखताने गेली असेल, त्यांनी एक तारीख आधी पाहावी: दस्त नोंदल्याची. अर्ज दिल्याच्या तारखेमागच्या पंधरा वर्षांतला व्यवहार असेल तरच कलम १८ लागते. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था (या कायद्याखालचे जिल्हा निबंधक हेच) यांच्या कार्यालयात द्यायचा. सोबत दस्ताची नक्कल, सातबारा, बँकेतून काही रक्कम दिली-घेतली असेल तर तो उतारा, आणि जमीन अजून आपणच कसत असाल तर त्याचा पुरावा जोडायचा. दस्तातली किंमत त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा खूप कमी असेल तर तेही लिहायचे, कारण तारणाची खूण तिथेच सापडते. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.